जागल

‘जागल’ हा शब्द आपल्या मुलांना माहीत आहे का, हे एकदा घरी विचारून पाहा. माझ्या पुतणीला विचारलं तर ती म्हणाली, “जागरण-गोंधळातलं जागरण का?” तिचं फार चुकलं नाही. देव सोडला तर बाकी सगळं तेच असतं, रात्रभर जागणं, आवाज करणं, मध्येच चहा. पीक निसवल्यापासून ते घरात येईपर्यंत वावरात राहून केलेली रात्रीची राखण म्हणजे जागल.

आमचं वावर नेरडीगोंड्याला आहे. हैदराबादहून नागपूरला ज्यांनी गाडीनं प्रवास केलाय त्यांनी हे गाव पाहिलेलं असतं, फक्त लक्षात राहिलेलं नसतं. निर्मल सोडलं, महबूब घाटाचा डोंगर ओलांडला, की हायवे ४४ वर हे गाव लागतं. कुंटाला धबधब्याला जायचं तर इथूनच आत वळावं लागतं. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले आणि आमच्यासारखी मराठी घरं इकडे राहिली. घरात मराठी, बाजारात तेलुगू, वावरात दोन्ही आणि वर थोडी गोंडी. रानडुकराला मात्र तिन्ही भाषांतल्या शिव्या सारख्याच कळतात, म्हणजे अजिबात कळत नाहीत.

मामाचं वावर गावाला लागूनच आहे. एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला सागाचं जंगल आणि मध्ये चार एकर मका. आजचा लेख या मधल्या चार एकरांचा आहे. जंगलापासून लांब असतं तर जनावरं कमी आली असती, घरांपासून लांब असतं तर बंदुकीचा विचार तरी करता आला असता. इथे दोन्ही नाही.

आधी कोल्ह्याचं सांगतो, कारण दोषी ठरवायला तो सगळ्यांना सोपा पडतो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्यानं केली त्यानं नक्की जागल केलेली असणार. कोल्हा खरोखरच काकडी, टरबूज, बोरं, मक्याची कोवळी कणसं खातो आणि संधी मिळाली तर कोंबडीही नेतो. पण तो वावरातले उंदीरही खातो, आणि एका रात्रीत त्याचं नुकसान ते किती? दोन-चार कणसं. डुकरांचा कळप आला तर सकाळी मका झोपलेला असतो, जणू कुणी रात्रीतून रोलर फिरवलाय. कोल्हा कायद्यानं संरक्षित आहे, त्याला मारणं हा गुन्हा आहे. तेव्हा कोंबड्यांचं खुराडं रात्री नीट बंद करायचं आणि त्याला त्याची काकडी खाऊ द्यायची, हे माझं स्पष्ट मत. मामीला ते मान्य नाही.

इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्याच भावकीतला प्राणी, त्यांचा लाल फॉक्स, हा शेतकऱ्याचा रात्रीचा मोठा विषय आहे. कामानिमित्त मी दोन वर्षं तिकडच्या एका खेड्यात राहिलो. कोकरं जन्मायच्या दिवसांत एकदा शेजाऱ्यानं दारातून चिठ्ठी टाकली की आज रात्री मागच्या कुरणात फॉक्ससाठी रायफल चालेल, आवाज आला तर घाबरू नका. तिथे कुत्र्यांचे ताफे घेऊन फॉक्सची शिकार करायला २००४ च्या कायद्यानं बंदी आली, पण जमीनमालकाच्या परवानगीनं आणि परवान्याच्या रायफलनं त्याला मारायला मनाई नाही. त्या रात्री मी कान देऊन बसलो होतो. एक बारीकसा ‘फट्’ ऐकू आला, तोही आला की भास झाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थानं मला सविस्तर समजावलं आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

रायफलचे आवाज दोन असतात. एक नळीच्या तोंडाशी होणारा दारूचा धमाका. कानाजवळ तो १५० डेसिबलच्या पुढे जातो, एकाच बारात ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. सायलेन्सर दाबतो तो हा आवाज, आणि तोही पूर्ण नाही. दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गोळी त्याहून वेगानं गेली तर ती जाईल त्या वाटेवर चाबकाचा कडाका मारत जाते, त्याला सायलेन्सर काही करू शकत नाही. म्हणून घरांजवळ हे लोक ध्वनीपेक्षा हळू जाणारी पॉइंट टू-टूची गोळी वापरतात. ती शांत असते, पण लवकर खाली झुकते आणि दगडावर, कडक जमिनीवर आपटून भलतीकडे उडते. म्हणजे शेजाऱ्याची झोप वाचते, पण नेमबाजावरची जबाबदारी वाढते. त्यांचा पहिला नियम असा की गोळीच्या मागे मातीचा चढ दिसत नसेल तर चाप ओढायचाच नाही. साध्या पॉइंट टू-टूची गोळी मोकळ्या जागेत दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मी मनातल्या मनात मामाच्या वावराच्या बांधावर उभा राहिलो आणि दीड किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्यात अख्खं गाव आलं, शाळा आली, हायवेसुद्धा आला.

परत आल्यावर मामाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. “बंदुकीचा आवाज येऊ नये म्हणून पैसे घालतात? मंग बंदूक कशापायी पाह्यजे?”

मामाचा प्रश्न विनोदी नाही. आपल्याकडे जागलीचा सगळा कारभार आवाजावर चालतो. डबा बडवायचा, माळ्यावरून हाळी द्यायची, अधूनमधून सुतळी बॉम्ब. जनावरासाठी तो आवाज असतोच, पण तेवढाच माणसांसाठीही असतो. पलीकडच्या वावरातून “होऽऽ” आलं की इकडून “होऽऽ” जायचं. म्हणजे मी जागा आहे, मी ठीक आहे, जनावर तुझ्या बाजूला सरकलंय, सांभाळ. आदिलाबादच्या हिवाळ्यात हे फार लांबून ऐकू येतं, आणि त्याचं कारणही सुंदर आहे. रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची हवा त्यामानाने उबदार राहते. अशा हवेत आवाज वर निघून न जाता वाकून परत खाली येतो. दिवसा अर्ध्या किलोमीटरवर विरणारी हाळी रात्री पार नाल्यापलीकडे पोचते. बंदुकीचा बारही तसाच पोचतो, पाळण्यातल्या मुलापर्यंत आणि हृदयाच्या दुखण्यानं पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत. तिथली चिठ्ठी टाकायची रीत मला म्हणूनच आवडली. आपल्याकडे तेच काम गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन मिनिटांत होईल.

आता बंदूक आणि कायदा. शस्त्र कायद्यात, १९५९ च्या, पीकरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तो ठासणीच्या बंदुकीचा. सायलेन्सर मात्र आपल्याकडे साध्या परवानाधारकाला मिळत नाही, आवाज लपवणारी वस्तू हीच निषिद्ध. बंदूक जवळ असली म्हणून जनावर मारता येतं असंही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली, उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याच्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं रानडुकरासारख्या प्राण्याला मारता येतं. केरळनं २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांच्या हाती दिला. बिहारमध्ये त्याआधी २०१६ साली मोकामाला बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेवर नीलगायी, म्हणजे आपले रोही, मारले गेले आणि त्यावरून केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, उघडपणे एकमेकांसमोर आले. आणि निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

मला स्वतःला आवाजापेक्षा उजेडाची भीती जास्त वाटते. बॅटरी मारली की रात्रीत दोन ठिणग्या चमकतात. कुत्रा, कोल्हा, मांजर, शेळी, गाय यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकता थर असतो, त्यावरून उजेड परत फिरतो. आता गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाहीच, अशी की डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. माणसाच्याही नसतो. म्हणजे बॅटरीच्या झोतात जे डोळे लखलखतात ते बहुतेक कुणाच्या तरी गोठ्यातून सुटलेलं वासरू, शेजाऱ्याचं कुत्रं किंवा आपला काकडीवाला कोल्हा. आणि जो काळा ढीग नुसता हलतो, चमकत नाही, तो डुक्कर असेल किंवा पहाटे बांधाआड बसलेला माणूस असेल. ज्या गोष्टीवर गोळी झाडायची आणि जिच्यावर चुकूनही झाडायची नाही, त्या दोन्ही बॅटरीत सारख्याच दिसतात.

हे केवळ पुस्तकी नाही. २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी डुक्कर समजून आपल्यातल्याच एका माणसावर गोळी झाडली. घाबरून त्यांनी मृतदेह जंगलातच लपवला आणि प्रकरण काही दिवसांनी उघड झालं. ते काही कुणाचे शत्रू नव्हते. एकाच गावचे, एकत्र निघालेले लोक होते.

आणि सराईत हातांचं काय? आमच्याच रस्त्यानं उत्तरेला गेलं, आदिलाबाद ओलांडून पैनगंगेपलीकडे, की पांढरकवडा लागतं. अवनी वाघिणीचं प्रकरण त्याच भागातलं. तेरा माणसांच्या मृत्यूचा तिच्यावर ठपका होता. आधी पकडण्याचा प्रयत्न करा, नाही जमलं तर गोळी घाला, असा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ वाहनातून झाडलेल्या एका गोळीनं ती मेली. ती चाल करून येत होती का, बेशुद्धीचा डार्ट आधी लागला की नंतर, पशुवैद्य सोबत का नव्हता, यावर नंतर चौकश्या झाल्या आणि वाद अजून मिटलेला नाही. ती मारायला हवी होती की नाही या वादात मी शिरत नाही, तिथल्या ज्या घरातला माणूस गेला त्यांच्यासमोर बसून बोलायची माझी तयारी नाही. मला एवढंच दिसतं की सरकारी आदेश, महिन्यांची तयारी आणि अनुभवी नेमबाज असतानाही रात्री काय घडलं ते सांगायला फक्त गाडीतली माणसं होती.

मग बंदुकीशिवाय काय? अमेझॉनवर शोधलं तर डझनभर यंत्रं निघतात, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. कुत्र्याचं भुंकणं, वाघाची डरकाळी, माणसाची आरडाओरड रेकॉर्ड केलेले स्पीकर हल्ली वावरावावरात ऐकू येतात. पहिली चार रात्री डुकरं येत नाहीत. पाचव्या रात्री येतात. जो आवाज दर दोन मिनिटांनी, त्याच जागेवरून, त्याच सुरात येतो आणि ज्याच्यानंतर काहीच घडत नाही, तो त्यांच्यासाठी रातकिड्यासारखा होऊन जातो. मी मामाच्या स्पीकरला छोटा सर्किट बोर्ड लावून वेळ आणि आवाज अनियमित केले, दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत ठेवले. फरक पडला. चार दिवसांचे तीन आठवडे झाले. याच्यापुढे ताणायचं तर मधून एखाद्या रात्री खरा माणूस लागतोच.

केनियात नैरोबीजवळच्या मसाई वस्तीतल्या रिचर्ड टुरेरे नावाच्या मुलानं अकराव्या वर्षी हेच उजेडाच्या बाबतीत ओळखलं होतं. सिंह दिव्याला भीत नाही, हलत्या दिव्याला भितो, कारण हलता दिवा म्हणजे माणूस. त्यानं जुनी बॅटरी, गाडीचा इंडिकेटर आणि बल्ब जोडून गोठ्याभोवती आळीपाळीनं लुकलुकणारे दिवे लावले. २०१३ मध्ये त्यानं टेडच्या व्यासपीठावर त्याची गोष्ट सांगितली. मुलांना दाखवा, भाषण छोटं आहे. आमच्या बांधावर आता असे सहा दिवे आहेत, जंगलाकडे तोंड केलेले. तोंड कुठे हे महत्त्वाचं. घराकडे रोखलेला एलईडी शेजाऱ्याची झोप घालवतो, आणि समोरच्या माळ्यावरच्या जागल्याच्या डोळ्यात बसला तर पुढची वीस-तीस मिनिटं त्याला अंधारातलं काही दिसत नाही. त्यामुळे हातातल्या बॅटरीला आम्ही लाल कागद लावलाय. लाल उजेडात डोळे अंधाराला सरावलेले राहतात.

कार्बाइडच्या पाइप-बंदुकीबद्दल एकच सांगतो. माकडं हाकलायला म्हणून ती गावोगाव विकली जाते. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो, ठिणगी दिली की धमाका. उडत नाही म्हणून कुणीतरी नळीत डोकावतं आणि तेव्हाच ती उडते. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास कितीतरी मुलांच्या डोळ्यांना यातून इजा झाली. घरात आणू नका.

हे सगळं आवाजाचं आणि उजेडाचं. खरी भीती या दोन्हींशिवायची आहे. मागच्या वर्षी मामेभावानं चहा पिता पिता सहज म्हटलं, “दादा, एक तार टाकली ना, की झोप लागते बघ.”

तार म्हणजे घरातल्या किंवा खांबावरच्या विजेचा आकडा घेऊन बांधाभोवती सोडलेली उघडी तार. तिला आवाज नाही, उजेड नाही, परवाना नाही, जागल नाही. म्हणूनच थकलेल्या माणसाला ती आवडते. झटका मशीन आणि ही तार यांत लोक गल्लत करतात, म्हणून सांगतो. झटका मशीन बॅटरीवर चालतं, सेकंदाला साधारण एकदा काही हजार व्होल्टचा ठोका देतं, पण तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता आणि मोजक्या ऊर्जेचा असतो. जनावर दचकतं आणि मागे फिरतं. घरच्या विजेचा प्रवाह मात्र सलग असतो, स्नायू आखडतात, आणि तार धरलेला हात सुटत नाही. त्या तारेला डुक्कर, वासरू, पहाटे वावरात आलेली बाई, स्वतः तार टाकणारा, सगळे सारखे. दर हंगामात पेपरात या बातम्या असतात, आतल्या पानावर, चार ओळींत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात वाघही अशा तारांत मेले आहेत. २०२४ च्या हिवाळ्यात किनवटकडून आलेला वाघ, वनखात्यानं ‘जॉनी’ म्हटलेला, बोथ-नेरडीगोंड्याच्या पट्ट्यातून फिरत रात्रीचा हायवे ओलांडून गेला. तो जोडीदार शोधत होता. वाटेत किती वावरं लागली असतील, मोजा.

मामेभावाला मी कायदा सांगितला नाही. तो त्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्याला मी विचारलं की पहाटे वावरात पहिला कोण जातो. तो गप्प बसला. मामीच जाते.

बोलायला जे सोपं ते करायला महाग असतं. झटका मशीन, खांब आणि तार मिळून एकट्याच्या चार एकराला परवडत नव्हतं. म्हणून लागून असलेल्या पाच वावरांनी मिळून एकच कुंपण घातलं, तेलुगू रेड्डींचं वावर, दोन गोंड घरांची वावरं, एक लंबाडा कुटुंब आणि मामा. कुंपण फक्त जंगलाच्या अंगाला आहे, घरांकडे नाही. तारेखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, नाहीतर ठोका गवतातून जमिनीत जातो आणि तार नुसती शोभेची राहते. गवत कापण्यावरून दोनदा भांडण झालं, तिसरंही होईल. बंदूक पाचांपैकी एकाकडे आहे, ठासणीची, वडिलांच्या परवान्यावरून मिळालेली. ती बाहेर काढायची नाही असं ठरलंय. हट्टी कळप कुंपण तोडून आत आलाच तर वनखात्याकडे अर्ज करायचा, आणि नेमबाज आलाच तर त्याला उंच माळ्यावर बसवायचं, म्हणजे गोळी खाली जमिनीत जाईल, आणि त्या रात्री ग्रुपवर सगळ्यांना कळवायचं.

जागल मात्र सुटलेली नाही. पाच घरांची पाळी लावलीय, एका रात्री दोन माणसं. एकटं कुणी बसायचं नाही. मोबाइल असूनही दर तासाला हाळी द्यायची पद्धत ठेवलीय, कारण फोनवर माणूस झोपेतूनही ‘हो हो’ म्हणतो. मी हैदराबादहून महिन्यातून दोन शनिवार जातो. लॅपटॉप नेतो, उघडत नाही. पुतणीला या वेळी सोबत यायचंय, तिच्या आईचा नकार आहे, बोलणी चालू आहेत. मका निघायला अजून पाच आठवडे आहेत.